अण्णा, लाथ आणि पिवळा दिवा

प्रिय बंड्या,

आम्ही ठीक. माझी शुगर कंट्रोलमध्ये, हिची पाठ अधूनमधून. झालं तब्येतीचं.

आता ऐक. अण्णांनी डॅशबोर्डवरच्या, टायरमधली हवा कमी झाली की लागणाऱ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलीय. तोच तो पिवळा, नालेसारखा, मधे उद्गारचिन्ह. म्हणे डोळ्यात खुपतो. हे तुलाच सांगतोय, कारण बाकीचे लगेच म्हणतील किल्ली काढून घ्या, आणि मग घरात काय होईल ते तुला माहितीये, चष्म्याच्या वेळी तू होतासच.

तपासणी अजून तीच, लाथ. टणक लागला की हवा आहे. परवा सकाळी गाडी हलायच्या आधी मी हवा मोजायचं गेज लावलं. तीन टायर 30-31 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), आणि मागचा डावा 24! दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर 33 लिहिलंय रे. आणि नुसतं बघून काही कळत नाही, रेडियल टायर तसाही खाली जरा फुगलेलाच दिसतो. अण्णा म्हणाले गेज खोटं. शेजारच्यांचं आणलं, तेही 24. तर म्हणे दोन्ही खोटी.

साबणाचं पाणी टाकलं तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक बुडबुडे, एक फुटला की दुसरा. टोपण कधीच गेलेलं, आत माती. पिन बदलली, हवा भरली, पण पुढे काय? धडधाकट टायरमधूनसुद्धा महिन्याला एखाद-दोन पीएसआय जातातच, आणि सुट्टीत अण्णा ताईकडे निघालेत, गाडी भरून, भर दुपारी, हायवेने, शेजारी मिनी. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, त्याने आतून तापतो आणि नेमका स्पीडमध्ये असताना फुटतो. मला झोप नाही यार. स्टिकरवर भरल्या गाडीसाठी मागे 36 आहे, तेही वाचून दाखवलं.

तर म्हणाले, "उन्हात हवा आपोआप वाढते, भरायची कशाला?" आता हे अर्धं खरं आहे ना! पाच-सहा डिग्रीला साधारण एक पीएसआय वाढतो. पण म्हणूनच थंड टायरवर मोजायचं, गाडी तीनेक तास उभी असताना. मग टायरच्या बाजूवर कोरलेलं 44 दाखवून म्हणाले, "मग एवढी भर." ती टायरची कमाल मर्यादा हो अण्णा! तेवढी भरली तर टायर मधल्या पट्ट्यावरच घासतो, पकडही जाते. ऐकतंय कोण.

टायरमध्ये नायट्रोजनच भरायची तुझी टकळी आठवली. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो हे मी तेव्हाही सांगत होतो, आणि तू माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हतास. नायट्रोजन थोडा हळू गळतो, एवढंच तुझं मान्य.

पोरीचं ठरलं कळलं, झकास! नवं ऑफिस कसंय? वहिनींना नमस्कार.

तर त्यांना रविवारी फोन कर. गाडी त्यांनी शिकवली तुला, तुझं ऐकतात, माझं कधी ऐकलंय? गेज हा शब्द काढू नकोस. तुझ्याच टायरचं रडगाणं गा, म्हण की सकाळी किती भरू, अण्णा, तुम्ही सांगा. मग ते स्वतःच स्टिकर वाचायला खाली जातील. पट्टीचं मी बघतो. आणि हो, आधी स्वतःच्या स्टेपनीत हवा किती ते बघून ठेव, ते पहिलं तेच विचारतील.

तुझा,
पक्या