विषय : काळ्या जमिनीवरच्या रस्त्याला तुमच्या प्रणालीने दिलेला चुकीचा शेरा

व्यवस्थापक,

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आताच ठेवला आणि लिहायला बसलो. तुमची सॉफ्टवेअर प्रणाली सर्व्हेवरून रस्त्याची अवस्था ठरवते आणि दुरुस्ती कधी लागेल याचा शेरा देते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्या ज्या ग्रामीण मार्गाला तुम्ही ‘चांगला, ४ वर्षे दुरुस्ती नको’ असा शेरा दिला, तो पहिल्याच पावसाळ्यात उखडला. दोन्ही कडा तुटल्या, मोरीजवळ डांबर खचलं, मधोमध हात जाईल एवढी भेग पडली. एसटी फाट्यावरूनच परत जाते आणि शाळेच्या पोरी चिखल तुडवत येतात.

ही पूर्णा खोऱ्यातली जमीन आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिजली की सीबीआर, म्हणजे मातीची भार पेलण्याची ताकद दाखवणारा आकडा, २-३ टक्क्यांवर येतो. म्हणून तर नमुना ४ दिवस भिजवून तपासायचा असतो. तुम्ही सर्व्हे केला मे महिन्यात, माती दगडासारखी असताना. दिवाळीनंतर जिनिंगकडे कापसाचे भरलेले ट्रक निघतील, ते तुमच्या वाहनमोजणीत नाहीतच. एक्सलवरचा भार दुप्पट झाला की नुकसान साधारण १६ पट होतं, हे तुमच्या अभियंत्यांना मी शिकवायचं का?

हेच सगळं मी फोनवर सांगितलं. तुमचा माणूस म्हणाला, “सर, सिस्टीममध्ये रस्ता ग्रीन दाखवतोय.” मी म्हटलं, मी रस्त्यावर उभा आहे. तो म्हणाला, “फोटो अपलोड करा.” केले. मग विचारलं, मातीचा प्रकार कुठे भरायचा? तर म्हणे, “माती सगळीकडे सारखीच धरलीय. आणि सर, भिजल्यावर माती काळीच दिसते ना?” मागे कोणीतरी हसलं. वर ऐकवलं, “रस्ता बघत बसावं लागू नये म्हणूनच तर सॉफ्टवेअर घेतलं ना तुम्ही?” इतकी वर्षं या मातीत काम करणाऱ्या माणसाशी असं बोलतात?

तुमच्या शेऱ्यामुळे हा रस्ता यंदाच्या दुरुस्तीच्या यादीतून गेला, निधी दुसरीकडे वळला. गावकरी मला विचारतात, “साहेब, कागदावर रस्ता चांगला हाये, तं मंग एसटी काऊन येत नाही?” उत्तर मला द्यावं लागतं, तुम्हाला नाही. प्रात्यक्षिकाच्या दिवशी तुमच्यावर विश्वास ठेवून मीच शिफारस केली होती, याचं फार वाईट वाटतं.

मातीचा प्रकार, गटारं आणि कापसाच्या हंगामातली वाहतूक धरून पावसाळ्यानंतर नवा सर्व्हे करा, तोही तुमच्या खर्चाने. १५ दिवसांत लेखी उत्तर हवं, फोन नको. नाहीतर तुमच्या सॉफ्टवेअरच्या नूतनीकरणाच्या फाइलवर ‘शिफारस नाही’ असं लिहीन आणि शेजारच्या तालुक्यांतल्या अभियंत्यांनाही कारण सांगेन.

कनिष्ठ अभियंता,
पंचायत समिती बांधकाम विभाग