विषय: फोटो एडिटिंगच्या ३२ इंची मॉनिटरच्या दोन बाजूंचा रंग वेगळा, एसआरजीबी मोडमध्ये ब्राइटनेसची पट्टी बंद, आणि तक्रार परस्पर निकाली

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (मॉनिटर)

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनवरचा फोन ठेवतो न ठेवतो तोच मोबाइलवर मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ निवारण झालेलं नाही. तक्रार आहे तशीच आहे आणि ती यापुढे हेल्पलाइनला सांगायची नाही, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. बिल, सिरीयल नंबरचा फोटो आणि मोजणीचे अहवाल सोबत जोडले आहेत. मॉनिटर तुम्ही बनवला आहे, त्याचा मेनू तुम्हाला पाठ असणार. त्यामुळे मुद्द्यावर येतो.

पहिला दोष रंगाचा. संपूर्ण स्क्रीनभर एकच करडा रंग लावला (आरजीबी २००, २००, २००) तर डावीकडचा चौथा हिस्सा निळसर हिरवा दिसतो आणि उजवीकडे खालचा कोपरा गुलाबी. मध्ये कुठे रेष नाही, छटा सरकत सरकत बदलते. एकच करडा चौकोन माउसने डावीकडून उजवीकडे ओढत नेला की तो वाटेत रंग बदलताना उघड दिसतो. ही चाचणी करायला कुठलंही यंत्र लागत नाही. तुमच्या कारखान्यात पॅकिंगच्या आधी कोणी ती केली असती, तर हा पॅनेल खोक्यात गेला नसता.

लग्नाच्या अल्बमचं काम करणाऱ्याला याचा त्रास नेमका काय होतो तेही सांगतो, कारण तुमच्या माणसांना तो फोनवर कळला नाही. अल्बमची एक शीट १२ बाय ३६ इंचाची. लॅबला ती ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) जाते, म्हणजे १०८०० बाय ३६०० पिक्सेल. डावं पान १८ इंच, उजवं पान १८ इंच. जुन्या २१ इंची सीआरटीची (काचेच्या ट्यूबच्या मॉनिटरची) दिसणारी रुंदी जेमतेम १६ इंच होती, त्यात ही शीट निम्म्याहूनही लहान दिसायची आणि चेहरा बघायला सारखं झूम करावं लागायचं. तुमच्या ३२ इंचीची रुंदी साडेसत्तावीस इंच आहे, त्यात तीच शीट पाऊणपट आकारात एका नजरेत मावते. मोठा मॉनिटर घ्यायचं कारण एवढंच आणि ते पुरेसं आहे. पण डाव्या पानावर नवरीचा क्लोजअप आणि उजव्या पानावर नवरदेवाचा असेल, तर एकाच उजेडात काढलेले दोन चेहरे या स्क्रीनवर दोन रंगांचे दिसतात. नवरी हिरवट, नवरदेव तांबूस. स्क्रीनवर विश्वास ठेवून डाव्या चेहऱ्यात लाल वाढवला की छापील शीटवर नवरीचा चेहरा भाजल्यासारखा येतो. म्हणजे ज्या कामासाठी मोठा मॉनिटर घ्यायचा, नेमकं तेच काम यावर होत नाही.

आता आकडे. मॉनिटर अर्धा तास तापू दिला. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, खोलीच्या उजेडाचा सेन्सर आणि ‘आय केअर’ चौघंही बंद. जोडणी डिस्प्लेपोर्टने, ३८४० बाय २१६०, ६० हर्ट्झ, रेंज ‘फुल’. एचडीएमआयवर ग्राफिक कार्ड कधी कधी १६ ते २३५ अशी मर्यादित रेंज पाठवतं आणि काळा राखाडी दिसतो. ती शंका तुम्ही काढण्याआधीच मिटवली आहे. कस्टम मोडमध्ये डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाण पांढरा), गॅमा २.२ (गडद ते फिकट छटांची चढण) आणि मध्यभागी १२० निट्स (निट म्हणजे उजळपणाचं माप) धरून कॅलिब्रेशन, म्हणजे रंगांची जुळणी केली. मग स्क्रीनचे पाच बाय पाच असे २५ चौकोन पाडून प्रत्येक ठिकाणी कलरीमीटर (रंग आणि उजेड मोजायचं यंत्र) टेकवून पांढरा मोजला. मध्यभागी ११९ निट्स, उजवीकडे खाली ८८. म्हणजे २६ टक्के उजेड कमी. पांढऱ्याचं तापमान (आकडा जास्त तितका पांढरा निळसर) डाव्या कडेला ६९०० केल्विन आणि उजव्या कडेला ६०५०. मध्यभाग मात्र उत्तम आहे, हेही प्रामाणिकपणे लिहितो. तुम्ही खोक्यात घालता तो ‘फॅक्टरी कॅलिब्रेशन रिपोर्ट’ खोटा नाही. तो फक्त मध्यभागाचा आहे, आणि स्क्रीनच्या कडांबद्दल त्यात चकार शब्द नाही.

हा दोष कॅलिब्रेशनने जात नाही, हे तुमच्या तांत्रिक विभागाला माहीत असणारच. कॅलिब्रेशनने बनणाऱ्या रंगाच्या प्रोफाइलमधली दुरुस्ती सगळ्या स्क्रीनला सारखीच लागू होते. डावीकडचा हिरवा काढायला गेलं की उजवीकडचा गुलाबी आणखी गडद होतो. जागेनुसार दुरुस्ती फक्त मॉनिटरच्या आतल्या सर्किटला जमते. तुमच्या मेनूत ‘युनिफॉर्मिटी’ नावाचा पर्याय आहे, तोही लावून पाहिला. उजेड बराच सारखा होतो, छटा तिथल्या तिथे राहते. आणि एसआरजीबी मोडमध्ये (फोटोंच्या नेहमीच्या प्रमाण रंगपल्ल्याच्या मोडमध्ये) तर तो पर्यायच निवडता येत नाही.

दुसरा दोष या एसआरजीबी मोडचा. पॅनेलचा रंगपल्ला एसआरजीबीपेक्षा बराच मोठा आहे, जाहिरातीत तुम्ही तेच ठळक छापलं आहे. फोटोशॉप प्रोफाइल वाचून ते सांभाळून घेतं. पण अल्बम डिझायनिंगची सगळीच सॉफ्टवेअरं प्रोफाइल पाळत नाहीत. त्यांत हळदीचा पिवळा अंगावर येतो, सावळे चेहरे तांबडे होतात आणि येवल्याच्या पैठणीचा पोपटी काठ रेडियमच्या पट्टीसारखा चमकतो. नवरीकडची मंडळी अल्बम मांडीवर घेऊन पैठणी समोर धरतात आणि रंग ताडून बघतात. तिथे चूक चालत नाही. लॅबलाही फाइल एसआरजीबीतच हवी असते. म्हणून अशा कामाला तुमचा एसआरजीबी मोड हाच एक मार्ग उरतो, आणि त्याच मोडमध्ये तुम्ही ब्राइटनेसची पट्टी बंद करून ठेवली आहे. मोजला तेव्हा तिथे पांढरा २२८ निट्स भरला.

२२८ का चालत नाही? छपाई तपासायच्या ५०० लक्सच्या उजेडात पांढरा कागद साधारण १४० निट्स उजळ दिसतो. घरात किंवा हॉलमध्ये अल्बम याहून कमी उजेडात बघितला जातो, म्हणून स्क्रीन १०० ते १२० निट्सवर ठेवायची पद्धत आहे. २२८ निट्सवर फोटो डोळ्यांना बरोबर वाटेल असा केला, की छापून आल्यावर तो जवळजवळ एका स्टॉपने (म्हणजे निम्म्याने) अंधारा दिसतो. शालू काळपट, सफारीची घडी गायब, नवरदेवाच्या फेट्याखालचं कपाळ चॉकलेटी. दोष लॅबच्या माथी येतो, लॅब फाइलकडे बोट दाखवते, आणि पुन्हा छपाईचा खर्च स्टुडिओवर पडतो.

आता ते आजचं संभाषण. ते सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं प्रत्येक वेळी सांगितलं जातं. रेकॉर्डिंग काढा आणि जुळवून बघा.

तुमच्या प्रतिनिधीने पहिला प्रश्न विचारला, “सर, याआधी कुठला मॉनिटर होता?” सीआरटी म्हटल्यावर पलीकडे हसण्याचा आवाज आला. मग, “तोच प्रॉब्लेम आहे सर. इतकी वर्षं डबा बघितलाय ना, फ्लॅट स्क्रीन वेगळीच वाटणार. पंधरा दिवस द्या, डोळे बसतील.” डाव्या-उजव्या बाजूचे आकडे सांगितले तर म्हणाले, “आयपीएस ग्लो असतो सर तो. डोकं मध्यभागी ठेवून बघा.” मी सांगितलं की कलरीमीटर काचेला टेकवलेला असतो, तो प्रत्येक ठिकाणी समोरूनच बघतो, त्यात डोक्याचा संबंध येत नाही. शिवाय आयपीएस ग्लो, म्हणजे या जातीच्या पॅनेलची तिरकस बघताना दिसणारी चमक, अंधाऱ्या खोलीत काळ्या स्क्रीनवर दिसतो आणि मान हलवली की हलतो. इथे छटा फिकट करड्यावर आहे आणि जागची हलत नाही. यावर फोन होल्डवर. परत आल्यावर, “सर, व्हॉट्सअॅपवर फोटो चांगले दिसतात का?” एसआरजीबी मोड किती निट्सला बांधला आहे असं विचारलं. पुन्हा होल्ड. उत्तर आलं, “ब्राइट आहे ना सर? ब्राइट म्हणजे चांगलंच असतं.” कमी करायचा आहे म्हटल्यावर, “ग्राफिक कार्डच्या सेटिंगमधून कमी करा ना मग.” आणि जुन्या सीआरटीचं काय करू, तुमची कंपनी परत घेते ना, असं विचारलं तर, “भंगारवाल्याला देऊन टाका सर, त्याला आता कोण विचारतंय!”

एकेक उत्तर घ्या. ग्राफिक कार्डमधून उजेड निम्मा केला तर गॅमा २.२ धरून २५६ पायऱ्यांपैकी साधारण १८७ च शिल्लक राहतात, आकाशात आणि मागच्या पडद्यावर पट्टे पडतात. काळा मात्र आहे तेवढाच उजळ राहतो, कारण बॅकलाइट कमी झालेलीच नसते. म्हणजे १०००:१ चा कॉन्ट्रास्ट ५००:१ वर येतो. पैसे मोजलेल्या कॉन्ट्रास्टपैकी अर्धा फेकून द्या, असा हा सल्ला आहे. आणि सीआरटीच्या काचेत शिसं असतं. तो भंगारवाल्याने हातोड्याने फोडायची वस्तू नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत उत्पादकावर जबाबदारी टाकलेली आहे. तुमच्याच वेबसाइटवर जुना माल परत घेतो असं लिहिलं आहे. तुमच्या माणसाला ते माहीत नसावं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

‘डोळे बसतील’ हे उत्तर तर मी विसरणार नाही. डोळ्यांना सवय होते, हेच तर या कामातलं संकट आहे. डोळे हिरवटपणाला सरावले की माणूस हिरवट अल्बम छापून देतो आणि त्याला ते कळतही नाही. कलरीमीटर त्यासाठीच वापरतात. ६९०० आणि ६०५० हे माझ्या डोळ्यांचे आकडे नाहीत, यंत्राचे आहेत.

घरी आलेल्या तुमच्या इंजिनीअरबद्दल थोडक्यात. त्यांनी करड्या स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढला, ‘यात तर सगळं सारखंच दिसतंय’ म्हणाले आणि अहवालात ‘पॅनेल स्पेसिफिकेशनमध्ये’ असा शेरा मारला. मोबाइलचा कॅमेरा स्वतःहून एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स बदलतो, त्यावरून असा दोष ठरवता येत नाही. त्यांच्याकडे कलरीमीटर नव्हता. आणि कुठलं स्पेसिफिकेशन? कडेला किती टक्के उजेड कमी चालतो, रंगात किती फरक चालतो, हा आकडा तुम्ही मॅन्युअलमध्ये छापलेला नाही, वेबसाइटवर नाही, मागितल्यावर ईमेलनेही दिलेला नाही. जो आकडा ग्राहकाला दाखवत नाही, त्याच्या आधाराने दावा नाकारता येत नाही.

जुना २१ इंची सीआरटीही तुमचाच होता, हे मुद्दाम सांगतो. त्याच्या कोपऱ्यांत उजेड कमी पडायचा, अक्षरं थोडी फुटायची. पण करडा रंग करडाच राहायचा, आणि कुठे डाग पडलाच तर डीगॉसचं (ट्यूबमधलं चुंबकत्व घालवायचं) बटण दाबलं की जायचा. लाल, हिरवा, निळा तिघांचे गेन आणि बायस (उजळ आणि गडद भागांच्या पट्ट्या) वेगवेगळे, आणि ते सगळ्या मोडमध्ये उघडे. तुम्ही कुठलंच बटण बंद केलेलं नव्हतं. ट्यूब म्हातारी झाली, काळा उजळायला लागला, म्हणून तो बाजूला ठेवावा लागला. आणि नवीन घेताना दुसऱ्या कंपनीकडे बघितलंही नाही. तो विश्वास तुम्ही एका फोनमध्ये घालवला.

मला काय हवं ते स्पष्ट लिहितो. हा पॅनेल बदलून द्या, आणि बदली मॉनिटर पाठवण्याआधी त्याची २५ ठिकाणची मोजणी करून तो अहवाल सोबत द्या. नुसता दुसरा खोका पाठवला आणि तोही असाच निघाला तर तुमचा आणि माझा वेळ पुन्हा वाया जाईल. एसआरजीबी मोडमध्ये ब्राइटनेस आणि युनिफॉर्मिटी उघडणारं फर्मवेअर कधी येणार ते लेखी कळवा. हे जमणार नसेल तर पूर्ण रक्कम परत करा आणि मॉनिटर तुमच्या खर्चाने घेऊन जा. नेताना तो उभाच न्यायला सांगा, एवढा मोठा पॅनेल आडवा टाकला तर काच वाकते आणि नवे डाग पडतात, मग ते माझ्या माथी मारू नका. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा आणि ‘निवारण झाले’ हा शेरा काढा. निवारण झालेलं नाही, हे पुन्हा लिहितो आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमच्या प्रतिनिधीने जाता जाता ‘हा तर धंद्यासाठीचा वापर’ असंही सुचवलं होतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उपजीविकेसाठी स्वयंरोजगारात स्वतः वापरलेली वस्तू व्यावसायिक हेतूत धरलेली नाही. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. मोजणीचे अहवाल, इंजिनीअरचा शेरा आणि स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना बघून छापलेल्या शीट मी जपून ठेवल्या आहेत. आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग तुम्ही जपून ठेवा, आयोगापुढे ते मागणार आहे.

फोटो स्टुडिओचालक,
गंगापूर रोड, नाशिक

सोबत: बिलाची प्रत, सिरीयल नंबरचा फोटो, २५ ठिकाणच्या मोजणीचा अहवाल, एसआरजीबी मोडमधल्या मेनूचा फोटो, इंजिनीअरच्या भेटीचा अहवाल