टॅरोची वही: आधी चित्र, मग अर्थ

संपादक महोदय,

टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य किंवा मनातले वाचण्याची पद्धत, शिकणाऱ्यांची गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते. ७८ पत्त्यांचे अर्थ पाठ होतात, पण पत्ता समोर आला की काही सुचत नाही. यावर उपाय म्हणजे वही. साधी दोनशे पानी पुरते. दर पत्त्याला दोन पाने धरली तर १५६ लागतात, उरलेली रोजच्या नोंदींना.

सकाळी एकच पत्ता काढावा, तारीख घालावी आणि पाच मिनिटे फक्त दिसते ते लिहावे. पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या १९०९ च्या रायडर-वेट या पत्त्यांच्या संचातला ‘आठ पेले’ हा पत्ता घ्या. लाल झग्यातला माणूस पाठ फिरवून निघालाय. खाली पाच पेले, वर तीन, आणि वरच्या ओळीत एकाची जागा रिकामी. ती फट दिसली की ‘सोडून जाणे’ पाठ करावे लागत नाही. पुस्तकातला अर्थ नंतर, वेगळ्या शाईने. मार्सेय या जुन्या फ्रेंच धाटणीच्या संचात अंकपत्त्यांवर (एक ते दहा आकड्यांच्या पत्त्यांवर) प्रसंग नसतात. तिथे संख्या आणि मांडणी टिपावी.

रात्री दोन ओळी: दिवसाशी काय जुळले, काय नाही. न जुळलेले लिहायलाच हवे, नाहीतर वही नुसती हांजी हांजी करते. नको तो पत्ता आला म्हणून दुसरा काढणे तर साफ चूक. मग नोंदींना अर्थच उरत नाही.

नाशिकमधल्या क्लासचालकांना कळकळीची विनंती: पहिल्या दिवशी अर्थांच्या झेरॉक्स देऊ नका, कोरी वही द्या.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक