जिवंत पोथ्या आणि वाचनालयाचे कपाट

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेल्या पंधरवड्यात एका गृहस्थांनी अशी मागणी केली आहे की, ज्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत मांत्रिक जिवंत पुस्तकांमधून निषिद्ध विद्या खेचून घेतात, त्या कादंबऱ्या गावोगावच्या वाचनालयांतून आणि शाळांच्या कपाटांतून काढून टाकाव्यात. कारण त्या वाचून मुलांचा मंत्रतंत्रावर विश्वास बसतो आणि जादूटोणाविरोधी कायद्याचा हेतूच विफल होतो. मी दारव्हा तालुक्यातील एका गावात ३१ वर्षे मराठी शिकवले आणि निवृत्तीनंतर गावचे वाचनालय सांभाळतो. ते पत्र चार जणांनी चार वेळा माझ्यापुढे आणून ठेवले, म्हणून हे उत्तर.

पत्रलेखकांनी या कादंबऱ्या वाचलेल्या दिसत नाहीत, कारण वाचल्या असत्या तर त्यांतला मांत्रिक किती अडचणीत असतो हे त्यांच्या लक्षात आले असते. पुस्तक उघडले की ते जागे होते, त्याच्या पानांखाली नाडी लागते, आणि एका मंत्राच्या बदल्यात ते कधी रक्त मागते, कधी आयुष्याची वर्षे, कधी आईचा चेहरा आठवण्याची शक्ती. मांत्रिक पुस्तक वाचतो त्याहून अधिक बारकाईने पुस्तक त्याला वाचत असते. ही विद्या निषिद्ध का, याचे उत्तर चांगल्या लेखकाने लिहिलेल्या गोष्टीत बहुधा एकच असते: जिच्यातून ती काढायची ती वस्तू जिवंत आहे, आणि जिवंत वस्तूतून ओरबाडून घेतले की तिला इजा होते. हा मुद्दा आमच्या वाचनालयात येणाऱ्या नववीतल्या एका मुलीने माझ्याआधी ओळखला. गाय दोहताना एक सड वासरासाठी ठेवतात, तसे त्या जादूगाराने ठेवायला पाहिजे होते, असे ती म्हणाली. तिच्या घरी दोन गाई आहेत.

या प्रकारच्या साहित्याला स्वतःचे नियम आहेत आणि ते बऱ्यापैकी कडक आहेत. जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाने १९५० साली प्रसिद्ध झालेल्या कथांमध्ये असा नियम घातला की, मांत्रिकाने पोथीतला मंत्र घोकून डोक्यात कोंबायचा, डोक्यात एका वेळी मोजकेच मंत्र मावायचे, आणि मंत्र उच्चारला की तो स्मृतीतून साफ पुसला जायचा. पुन्हा हवा असेल तर पुन्हा पोथीपुढे बसायचे. १९७४ साली निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने हाच नियम उचलला आणि तेथून तो जगभरच्या कादंबऱ्यांत पसरला. मी हा नियम मुलांना सांगितला तेव्हा कोणालाही नवल वाटले नाही. पेपर लिहून झाला की उत्तर डोक्यातून जाते, हा त्यांचा दरवर्षीचा अनुभव आहे.

पाश्चात्त्य गोष्टींत अशा मंत्रग्रंथाला 'ग्रिम्वार' म्हणतात. हा शब्द फ्रेंचमधील 'ग्रामेर', म्हणजे व्याकरण, या शब्दाचेच बदललेले रूप आहे. ज्या काळी वाचता येणारा माणूस दुर्मीळ होता, त्या काळी लॅटिन व्याकरणाचे पुस्तक हाती असलेला माणूस लोकांना जादूगारच वाटे. मी एकतीस वर्षे व्याकरणच शिकवले आणि माझ्यावर असा संशय एकदाही कोणी घेतला नाही, ही खंत येथे नोंदवून ठेवतो.

परंतु व्याकरण आणि रक्ताने लिहिलेली पोथी यांचे नाते पाहायला फ्रान्सपर्यंत जाण्याची गरज नाही. अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'च्या आरंभीच ते आहे. सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असताना एक राणी संस्कृतात म्हणाली, 'मोदकैः', म्हणजे 'मा उदकैः', पाणी उडवू नका. आणि राजाने मोदकांची ताटे मागविली. राणी हसली, राजा शरमेने खाटेला खिळला, आणि त्याला व्याकरण किती दिवसांत शिकवता येईल यावर दरबारात पैज लागली. गुणाढ्याने सहा वर्षे सांगितली, शर्ववर्म्याने सहा महिने. आणि सहा महिन्यांत हे जमले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा आपण सोडू, असे गुणाढ्य बोलून बसला. तो हरला. तिन्ही भाषा गमावलेला हा पंडित विंध्याच्या अरण्यात गेला, पिशाचांची भाषा शिकला, आणि शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्ताने सात वर्षांत सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' त्याने लिहिली. राजाने ती नाकारली: भाषा पिशाचांची आणि अक्षरे रक्ताची, असे म्हणून. तेव्हा गुणाढ्याने डोंगरावर अग्नी पेटविला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून जाळीत गेला. हरणे, रानडुकरे, रेडे चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून, गोलाकार उभे राहून ऐकत राहिले. शिकारीचे मांस सुकले, ते खाऊन राजा आजारी पडला, कारण शोधता शोधता माणसे अरण्यात पोहोचली आणि राजा धावत आला; तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते आणि एक लक्ष उरले होते.

ही गोष्ट मी इतकी सविस्तर सांगितली, कारण पत्रलेखकांनी 'परकीय विकृती' असा शब्द वापरला आहे. रक्ताने लिहिलेले, निषिद्ध भाषेतले, दरबाराने हाकललेले आणि रानातल्या जनावरांनाही खिळवून ठेवणारे पुस्तक आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे, आणि त्यात दोष वाचणाऱ्यावर ठेवलेला नाही, नाकारणाऱ्यावर ठेवला आहे.

पुस्तक जिवंत असते ही समजूत तर आपल्या घराघरांत आहे. पाय लागला की आपण पुस्तकाला हात लावून कपाळाला लावतो. दगडाला लागला तर लावत नाही. सप्तशतीच्या पाठापूर्वी कवच, अर्गला आणि कीलक म्हणतात, म्हणजे चिलखत, अडसर आणि खिळा; तो खिळा काढल्यावाचून पोथी फळ देत नाही अशी श्रद्धा आहे. पाश्चात्त्य कादंबरीत साखळदंडाने बांधलेले ग्रंथ असतात ते हेच. (इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथीड्रलात खरेच साखळ्यांनी बांधलेली जुनी पुस्तके आहेत, पण त्याचे कारण जादू नव्हते, पुस्तके महाग होती आणि चोरीला जात.) 'नवनाथ भक्तिसार' ही १८१९ साली रचलेली चाळीस अध्यायांची पोथी श्रावणात आमच्या गावात निदान पाचसहा घरी वाचली जाते. तिच्यात गोरक्ष संजीवनी मंत्र पाठ करीत बसलेला असताना पोरांनी चिखलाचा माणूस करून मागितला, तो त्याने मंत्र घोकता घोकताच केला, आणि पुतळा जिवंत झाला. पोरे भूत भूत म्हणून पळाली. त्या पुतळ्याचे पुढे गहिनीनाथ झाले. म्हणजे चुकून घडलेल्या जिवाची जबाबदारी गुरू मच्छिंद्रनाथांनी आणि शिष्य गोरक्षाने टाळली नाही. ही पोथी कपाटातून काढा असे पत्रलेखक म्हणणार नाहीत, आणि मीही म्हणत नाही. मग तशाच कल्पनेवर उभी असलेली कादंबरी तेवढी कपाटाबाहेर का?

निषेधाचा इतिहासही वऱ्हाडला नवा नाही. 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनी तेराव्या शतकात आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपुरात सिद्ध केले. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले, आणि पंथाबाहेरच्या वाचकाला ते अनेक शतके उघडले नाहीत. विसाव्या शतकात ते कुलूप निघाले, तेव्हा त्या वाङ्मयावर काम करणाऱ्यांत आमच्या यवतमाळचे य. खु. देशपांडे होते आणि नंतर वि. भि. कोलते होते. गुप्त लिपीतली पोथी, ती जपणारा पंथ आणि ती उलगडणारा अभ्यासक, हा कादंबरीचा सांगाडा आमच्या वऱ्हाडात घडून गेलेला आहे. मुलांना मी हे सांगतो तेव्हा ती ऋद्धिपूर किती किलोमीटर आहे असे विचारतात.

आता भीतीविषयी, कारण पत्रलेखकांची भीती पोकळ नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना भरचौकात बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. आमच्या भागात 'करणी' हा शब्द अजून कुजबुजीत ऐकू येतो. पण करणी या शब्दाची रचनाच पाहावी: ती नेहमी दुसऱ्याने केलेली असते. माझे मूल आजारी पडले, माझी म्हैस आटली, तर बोट शेजारच्या म्हातारीकडे जाते. या कादंबऱ्यांत बोट उलटे फिरते. तेथे ज्याने पुस्तकातून विद्या खेचली त्याचाच हात काळा पडतो, त्याचीच झोप जाते, त्याच्याच माणसांना तो ओळखेनासा होतो. पाचशे पाने हा हिशेब वाचलेल्या मुलाला शेजारच्या म्हातारीवर संशय घेणे सोपे जाते की अवघड, हे पत्रलेखकांनी शांतपणे ठरवावे.

ज्या कायद्याचा त्यांनी आधार घेतला तोही त्यांच्या बाजूने बोलत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, चटके देणे. चमत्काराच्या नावाने फसवणे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र आणि गंडेदोरे करणे, अशी ही कृत्ये आहेत आणि त्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. काल्पनिक गोष्ट लिहिणे, छापणे किंवा वाचनालयात ठेवणे हे त्यांत नाही. उलट कीर्तन, प्रवचन आणि दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे कायद्याने स्पष्टपणे वगळले आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते आणि घरचे लोक आधी मांत्रिक शोधतात, तेथे या कायद्याचे काम आहे.

गेल्या आषाढात वीज गेलेल्या एका संध्याकाळी मी मुलांना अशाच धर्तीची एक गोष्ट रचून सांगितली होती. तिच्यात कपाटातली वही रात्री आपोआप वाढत जाते आणि जिचे नाव तिच्यात आहे ती व्यक्ती दिवसेंदिवस वाळत जाते. मागे बसलेला एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, हे तं सावकाराच्या वहीवानी झालं. आमचा आजा मेला, तरी त्या वहीत त्याचं नाव वाढूनच राह्यलं होतं." यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. त्या मुलाला जादू खरी असते असे वाटले नव्हते. आपल्या घरात काय घडले ते सांगायला त्याला एक आकार सापडला होता. असा आकार देणारी पुस्तके मी कपाटात ठेवतो.

याचा अर्थ या प्रकारातली सगळीच पुस्तके मला आवडतात असा नाही. पुष्कळशा नव्या मालिकांत जिवंत पुस्तक म्हणजे नुसती मोबाइलची बॅटरी झाले आहे: मांत्रिकाने हात ठेवला, निळा प्रकाश आला, शत्रू पडला, आणि वाचण्याचा प्रसंग कोणावरच आला नाही. अशा पुस्तकांवर माझा आक्षेप अंधश्रद्धेचा नाही, आळसाचा आहे. अनुवादांविषयीही तक्रार आहे. भानामती, उतारा, मूठ, चेटूक यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या कृतीचा असताना सरसकट 'जादुई मंत्र' लिहून अनुवादक मोकळे होतात. पण वाईट पुस्तकावर उपाय म्हणून त्याच्या शेजारी चांगले पुस्तक ठेवावे लागते; त्यासाठी आम्हाला खरेदीचे पैसे वेळेवर मिळाले तर बरे, एवढेच येथे लिहितो.

बंदीचा आणखी एक परिणाम पत्रलेखकांनी ध्यानात घ्यावा. एच. पी. लव्हक्राफ्ट या लेखकाने गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात 'नेक्रोनॉमिकॉन' नावाचा एक निषिद्ध ग्रंथ निव्वळ कल्पनेने निर्माण केला, जो वाचणाऱ्याला वेड लागते असे त्याच्या कथांत येते. ग्रंथ अस्तित्वातच नव्हता, तरी वाचक तो ग्रंथालयांत आणि पुस्तकविक्रेत्यांकडे मागत राहिले. आमच्याकडेही त्या गृहस्थांचे पत्र छापून आल्यानंतरच्या आठवड्यात जे घडले ते असे: त्यात नावानिशी उल्लेखिलेल्या चार पुस्तकांपैकी तीन त्याच दिवशी बाहेर गेली आणि त्यांच्यासाठी नोंदवहीत अकरा नावे लागली आहेत. चौथ्याला कसर लागली होती, शिवणही सुटली होती. ते बांधणीसाठी दारव्ह्याला दिले आहे. पत्रलेखकांना ते वाचून पाहावयाचे असल्यास बारावे नाव त्यांचे लिहून ठेवतो.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ