टपालाच्या नावाने येणाऱ्या खोट्या निरोपांबद्दल केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

"तुमचे पार्सल आमच्या गोदामात आले आहे. दोनदा प्रयत्न करूनही अपुऱ्या पत्त्यामुळे ते पोहोचवता आले नाही. 48 तासांत पत्ता दुरुस्त करा, अन्यथा पार्सल परत पाठवले जाईल." टपाल खात्याच्या नावाने फिरणारा हा मजकूर आपल्याला नवीन नसेल. केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने तो खोटा असल्याचे 2024 मध्येच जाहीर केले होते. तरीही तो कधी एसएमएस, कधी आयमेसेज (आयफोनवर इंटरनेटवरून येणारा संदेश), कधी ई-मेल होऊन येतच राहतो.

मी साताऱ्यात ज्येष्ठ नागरिक संघाचे काम पाहते. बैठक संपली की कोणी ना कोणी मोबाइल पुढे करून विचारते, "बाई, हे खरं का हो?" दिवाळीच्या आधी आमच्या संघातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांना असाच मेल आला. मुलाने परदेशातून पाठवलेल्या पार्सलची त्या खरोखरच वाट पाहत होत्या. पाठवणाऱ्याच्या जागी 'इंडिया पोस्ट', वर बोधचिन्ह, खाली पार्सलचा क्रमांक. त्या नावावर बोट टेकवले की मागचा पत्ता उघडा पडतो. तो कुठल्याशा फुकटच्या मेल खात्याचा निघाला. क्रमांकही बनावट. टपालाच्या पार्सलचा खरा क्रमांक तेरा जागांचा असतो : आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ आकडे, शेवटी ज्या देशातून टपाल निघाले त्याची दोन अक्षरे. इथे नुसते आकडेच होते.

पण हे सगळे मी त्यांना दाखवले ते दुसऱ्या दिवशी. तोवर त्यांनी लिंक उघडली होती आणि पार्सल पुन्हा पाठवण्याचे पंचवीस-तीस रुपये भरायला कार्डाचा क्रमांक, मागचे तीन आकडे आणि ओटीपी देऊन बसल्या होत्या. बँकेच्या ओटीपीच्या संदेशात रक्कम स्पष्ट लिहिलेली होती, आणि ती हजारांत होती. ती वाचण्याइतकी उसंतच त्यांना मिळाली नाही, कारण त्या पानावर वेळ उलटी मोजली जात होती.

पैसे गेल्याचे कळल्यावर त्या आधी कुठे गेल्या असतील? पोस्टात. ज्याच्या नावाने निरोप आला त्यालाच माणूस विचारणार. काउंटरवर उत्तर मिळाले, "हे आमच्याकडे येत नाही, सायबरला जा." त्या कर्मचाऱ्याला मी बोल लावत नाही, त्याला वरून कोणी काही सांगितलेलेच नव्हते. पण सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा 1930 हा क्रमांक तेवढा त्याने सांगितला असता, तर पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधी अडवता येण्याची शक्यता होती. अशा वेळी तासातासाला मोल असते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते.

मंत्रिमहोदय, हे पत्र आपल्यालाच लिहिण्याचे कारण साधे आहे. ज्याचे नाव वापरून लोकांना गंडा घातला जातो ते टपाल खाते आपले, आणि ज्या तारांवरून हे निरोप येतात त्यांवर देखरेख ठेवणारे दूरसंचार खातेही आपलेच. एसएमएसच्या बाबतीत काम झाले आहे, हे मान्य करायलाच हवे. 1 ऑक्टोबर 2024 पासून नोंद नसलेली लिंक एसएमएसमधून पुढे जाऊ दिली जात नाही, आणि सरकारी संदेशावर पाठवणाऱ्याचे जे नाव दिसते त्याला आता शेवटी 'जी' हे अक्षर लागते. पण ई-मेल आणि आयमेसेज या चाळणीत येत नाहीत, आणि भामटे नेमके तिकडे वळले आहेत. शिवाय त्या 'जी'चा अर्थ आमच्या संघात एकालाही ठाऊक नव्हता.

त्यात भर म्हणजे, ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टला ओटीपी सांगून टपाल घेण्याची सोय सुरू झाली. सोय चांगलीच आहे. पण दारात उभ्या असलेल्या पोस्टमनला सांगायचा ओटीपी वेगळा आणि लिंकवर मागितला जाणारा ओटीपी वेगळा, हे सत्तरीतल्या माणसाला कोणी समजावून सांगितले?

देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये आहेत आणि त्यातली बहुतेक खेड्यांत आहेत. आमच्याकडे बँकेचा माणूस दारात येत नाही. पोस्टमन येतो, आणि त्याच्यावर लोकांचा विश्वास आहे. म्हणून त्याच्याच हाती मराठीत छापलेली एक चिठ्ठी द्या. पत्ता दुरुस्त करायला किंवा पैसे भरायला टपाल खाते लिंक पाठवत नाही. परदेशी पार्सलवर सीमाशुल्क लागलेच तर ते पार्सल हातात देताना घेतले जाते. शंका आली तर मेलमधली लिंक न दाबता इंडियापोस्ट डॉट जीओव्ही डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करून क्रमांक तपासा. फसलात तर आधी 1930. एवढे चार मुद्दे मोठ्या अक्षरांत असले तरी पुरे. राखी आणि दिवाळी फराळाच्या दिवसांत, जेव्हा घरोघरी पार्सलची वाट पाहिली जाते, तेव्हा ती चिठ्ठी प्रत्येक काउंटरवर चिकटवलेली असावी.

दुसरे, कोणी असा मेल घेऊन पोस्टात आले तर तो खरा की खोटा हे तिथेच सांगणे, हे काउंटरच्या कामात लेखी आदेशाने घाला. तिसरे, 'इंडियापोस्ट'च्या मागेपुढे एखादे अक्षर जोडून नोंदवल्या जाणाऱ्या डॉट इन पत्त्यांबद्दल इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाशी बोला. डॉट इनची नोंदणी सांभाळणारी निक्सी ही संस्था त्यांच्याच अखत्यारीत आहे. असे पत्ते नोंदवतानाच अडवले जावेत. लोक लुबाडले गेल्यावर ते बंद करून काय उपयोग?

या तिन्हींपैकी काय आणि केव्हा होईल, ते टपाल खात्याच्या महाराष्ट्र परिमंडळामार्फत मराठीतून जाहीर करावे, ही विनंती.

आपली,
ज्येष्ठ नागरिक संघाची एक कार्यकर्ती,
सातारा