आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: बोलता येत नाही म्हणजे दुखत नाही असं नाही

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही, आणि त्याला बोलता येत नाही. मागच्या आठवड्यात पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये त्याच्या मनगटात प्लेट टाकली. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी म्हणाले होते, पूर्ण भूल द्यावीच लागेल पण सोबत नर्व्ह ब्लॉक देऊ, म्हणजे हाताच्या मज्जातंतूजवळ सुईने बधिर करायचं औषध, त्याने नंतर बरेच तास हात बधिर राहील. दिलाच नाही! का, तर सुई कुठे जाते ते दाखवणाऱ्या सोनोग्राफी मशीनचं ओटीसाठी (ऑपरेशन थिएटरसाठी) रजिस्ट्रेशन नाही. रात्रभर पोरगं डोकं रेलिंगवर आपटत होतं आणि सिस्टर विचारतात, "नेहमीच असं करतो का हो?" नाही करत हो, दुखलं की करतो! आणि फाईलमध्ये वेदना शून्य, कारण पेशंटने तक्रार केली नाही. चेहरा, पाय, हालचाल, रडणं बघून गुण द्यायचा एफएलएसीसी तक्ता आहे, त्यात आईवडिलांनी सांगितलेल्या खुणाही धरता येतात, पण मला विचारलं कुणी?

मशीन का लागतं तेही सांगते. जागा असलेला, बोलणारा माणूस सुई मज्जातंतूला लागली तर सांगतो, औषध रक्तात गेलं तर तोंड बधिर झालं, कानात आवाज येतोय म्हणतो. माझा मुलगा जागा असला तरी नाही सांगू शकत, म्हणून सुई स्क्रीनवर दिसायला हवी आणि औषध रक्तात गेलंच तर त्यावरचा उतारा, लिपिड इमल्शन, ओटीत हाताशी हवं.

सोनोग्राफी मशीनचं रजिस्ट्रेशन ज्यामुळे लागतं तो गर्भलिंग निदानाचा 1994 चा कायदा हवाच, त्याबद्दल माझं दुमत नाही, पोटातल्या मुली मारल्यात आपल्याकडे. पण हॉस्पिटल म्हणतं कागदांची कटकट नको, तुमचं खातं म्हणेल नियम म्हणजे नियम, आणि मधे भरडला जातो माझा पोरगा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 25 मध्ये खाजगी हॉस्पिटलंही येतात, तिथे रॅम्प बांधला की झालं का सगळं?

आणि दाद मागायची कुणाकडे? ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, औंधचं जिल्हा रुग्णालय तुमच्याकडे, कमला नेहरू रुग्णालय महापालिकेकडे, खाजगीचं रजिस्ट्रेशन परत महापालिकेत. आजारी माणसाच्या आईने आधी सरकारचा नकाशा पाठ करायचा का? मतं मागायला मात्र सगळे एकाच दारात येतात.

ओटीतल्या ब्लॉकच्या मशीनसाठी सोपं, मुदतीत मिळणारं रजिस्ट्रेशन द्या. न बोलणाऱ्या पेशंटच्या वेदनेची नोंद घरच्यांना विचारून करायची सक्ती करा. त्याच्या दुसऱ्या हाताचंही ऑपरेशन व्हायचंय, त्याच्या आधी हे करा.

पुण्यातली एक आई