डोक्याला मार लागलेल्याला पुन्हा मैदानात उतरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या फुटबॉलची (चेंडू हातात घेऊन, धडका देत खेळतात तो) दखल आपल्याकडे वर्षातून एकदाच घेतली जाते, हंगामाच्या अंतिम सामन्याच्या, म्हणजे सुपर बोलच्या दुसऱ्या दिवशी. त्यातही मध्यंतरातली गाणी आणि जाहिरातींचे दर यांचीच चर्चा जास्त. २०२२ चा हंगामही तसाच गेला. फेब्रुवारी २०२३ मधल्या अंतिम सामन्यात कॅन्सस सिटी चीफ्सनी फिलाडेल्फिया ईगल्सना ३८-३५ असं हरवलं आणि विषय संपला. मी शाळेत खेळ शिकवतो, गावोगावच्या कबड्डी स्पर्धांना पंच म्हणून जातो. माझ्या दृष्टीने त्या हंगामात सगळ्यात महत्त्वाचं जे घडलं ते सिनसिनाटी शहरातल्या मैदानावर, तेही दोनदा.

२५ सप्टेंबर २०२२. मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हाती असलेला खेळाडू, तुआ टागोवायलोआ बफेलो बिल्सविरुद्ध खेळताना मागच्या बाजूला पडला आणि त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. तो उठला, डोकं झटकलं, दोन-चार पावलं टाकली आणि भेलकांडला. सहकाऱ्यांनी धरलं म्हणून सावरला. हे लाखो लोकांनी टीव्हीवर पाहिलं. तरीही मध्यंतरानंतर तो पुन्हा मैदानात होता. तोल गेला तो पाठीच्या दुखण्यामुळे, असं सांगण्यात आलं. चारच दिवसांनी सिनसिनाटीत त्याला पुन्हा जोरात आपटलं गेलं. या वेळी तो उठलाच नाही. दोन्ही हातांची बोटं चेहऱ्यासमोर वेडीवाकडी ताठरली होती. मेंदूला जबर हादरा बसला की असं होऊ शकतं. त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं.

पुढे चौकशी झाली. पहिल्या सामन्यात तुआच्या तपासणीत सहभागी असलेल्या तज्ज्ञाला खेळाडूंच्या संघटनेने काढून टाकलं. या स्पर्धा चालवणारी एनएफएल ही लीग आणि संघटना यांचा निष्कर्ष असा की ठरलेली पद्धत पाळली गेली होती, पण ती ज्यासाठी आखली होती ते साधलं नाही. म्हणून ८ ऑक्टोबरला नियमच बदलला. डोक्याला मार लागल्यावर तोल गेलेला दिसला, तर तो खेळाडू त्या दिवशी परत खेळणार नाही. कारण काहीही सांगितलं तरी. दुसऱ्याच दिवशी त्याच मायामी संघाचा टेडी ब्रिजवॉटर पडला. त्याचा तोल गेल्याचं वर बसलेल्या निरीक्षकाला दिसलं. नंतरच्या तपासणीत टेडी ठीक निघाला, तरी त्याला परत सोडलं नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणणारच, प्रशिक्षकाला तो हवाच असतो. म्हणून निर्णय दोघांच्याही हातून काढून घेतला.

२ जानेवारी २०२३ ला त्याच सिनसिनाटीत बफेलोचा २४ वर्षांचा डमार हॅमलिन छातीवर आघात झाल्यानंतर उभा राहिला आणि क्षणात मागे कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. साहाय्यक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी जागेवरच सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचा प्रथमोपचार) सुरू केला, विजेचा झटका देणारं एईडी यंत्र हाताशी होतं. हे काही नशीब नव्हे. एनएफएलमध्ये प्रत्येक सामन्याच्या तासभर आधी दोन्ही संघांचे वैद्यकीय कर्मचारी एकत्र बसून, काही झालं तर कुणी काय करायचं ते ठरवतात. सामना थांबला तो थांबलाच. नंतर लीगने तो रद्द केला आणि प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची गणितं नव्याने मांडली. हॅमलिन वाचला, पुढच्या हंगामात खेळलाही.

आता आपल्याकडे पाहा. चढाई करणाऱ्याचं डोकं पकड करणाऱ्याच्या गुडघ्यावर आदळतं. पोरगं मॅटवर आडवं होतं. तोंडावर पाणी मारतात, कुणी तळपाय चोळतं, कुणी ‘काय न्हाय झालं, ऊठ’ म्हणतं. उठताना त्याचे पाय लटपटत असतात, नजर स्थिर नसते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि दोन मिनिटांत ते पुन्हा चढाईला जातं. पंच म्हणून मी थांबवायला गेलो की दोन्ही बाजूंनी ओरड होते आणि आयोजक घड्याळाकडे बोट दाखवतात. क्रिकेटमध्ये २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू येतो. लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी लबुशेन आला, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मग गावच्या कबड्डीतल्या पोराचं डोकं काय स्वस्त आहे?

पैसे नाहीत, हे कारण मला पटत नाही. लाखाची बक्षिसं, पुरुषभर उंचीचे चषक, डीजे, पाहुण्यांचे फेटे यांना पैसे असतात. एनएफएलइतका लवाजमा कुणी मागत नाही. मैदानावर एक डॉक्टर असावा आणि त्याने ‘बाहेर’ म्हटलं की कुणीही हुज्जत घालू नये. सीपीआर येणारी दोन माणसं आणि जवळ रुग्णवाहिका असावी. तोल गेलेला खेळाडू त्या दिवशी परत उतरणार नाही, हे नियमपत्रकात छापावं आणि सामन्याआधी लाउडस्पीकरवरून सांगावं.

दिवाळीनंतर गावोगावच्या स्पर्धा सुरू होतील. त्याआधी जिल्हा कबड्डी संघटनांनी, आयोजक मंडळांनी आणि शाळांनी यावर निर्णय घ्यावा. आपल्या क्रीडा पानाने त्यांना तसं जाहीरपणे विचारावं, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक क्रीडाशिक्षक, जि. सांगली